बांधाकडचे टोमॅटो

पावसाळा सरता सरता भाजीपाल्याला कसली घाई सुटते कोण जाणे. इतके दिवस एकेक करत पिकणारे टोमॅटो एकदम लाल होतात, काल बोटाएवढी दिसलेली काकडी आज मनगटाएवढी होऊन पानाआड दडलेली सापडते, आणि भेंडीकडे एक दिवस दुर्लक्ष झालं की तिचं लाकूड होतं. त्या दिवसांत घरच्या थोरल्या सुनेचे हात कोपरापर्यंत हिरवे झालेले असत. टोमॅटोच्या झाडाचा तो उग्र वास साबणानं जात नसे. चहाचा कप तोंडाशी नेला, तरी चहाच्या आधी तोच नाकात शिरे.

घरामागचा मळा तिचा होता. नवरा गवंडी. सकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून बाहेर पडला की अंधारून येताना परतायचा. मळ्यात त्याचं पाऊल पडायचं ते जेवताना हिरवी मिरची हवी झाली तर. बापाच्या माघारी वाटणी झाली तेव्हा हे घर आणि मागचा तुकडा त्याच्या वाट्याला आला. पलीकडचं शेत आणि विहीर त्याच्या धाकट्या भावाकडे गेली. विहिरीचं पाणी दोघांचं, असं ठरलं. मध्ये हातभर रुंदीचा बांध राहिला.

भांडण असं झालं नव्हतं. पण धाकट्यानं शेतात नवं घर बांधायला काढलं आणि त्यावर बाहेरचा गवंडी लावला. सख्खा भाऊ त्याच कामात मुरलेला असताना! थोरल्या भावानं तोंडातून शब्द काढला नाही. फक्त त्या घरावरून जाताना तो पुढच्या कोपऱ्याकडे बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "काटकोनात नाही." तेव्हापासून बोलणं कामापुरतं राहिलं.

ये-जा राहिली ती एका म्हाताऱ्या सासूची. ती धाकट्याकडे राहायची, पण रोज उन्हं वर यायच्या आत मुठीत मीठ घेऊन बांध ओलांडायची. बांधाकडच्या ओळीतला सगळ्यात लाल टोमॅटो हुडकायचा, कपड्याला पुसायचा, मीठ लावून उभ्यानंच खायचा, हा तिचा नेम. तोंडात दात नव्हता. रस हनुवटीवरून गळ्यात उतरायचा. खाऊन झालं की म्हणायची, "यंदा आंबट आहेत." दरवर्षी हेच म्हणायची आणि दरवर्षी ओळ संपेपर्यंत यायची.

एका सकाळी थोरली काकड्या तोडत होती. वारं पलीकडून वाहत होतं. मध्येच तिच्या जिभेवर कडवट चव आली. मान वर करून बघते, तर धाकटा पाठीवर पंप घेऊन आपल्या बाजूनं बांधावरचं गवत फवारत चाललेला. तोंडाला रुमाल, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात नळी. फवाऱ्याचं धुकं त्याच्या पायाशी न पडता बांध ओलांडून अलीकडे येत होतं.

"भाऊजी!" तिनं हाक मारली. "वारं इकडं येतंय! थांबवा जरा!"

त्यानं हात वर केला. 'ऐकलं' म्हणून केला की 'असू दे' म्हणून, कळलं नाही. पंप काही थांबला नाही. ओळ संपवूनच तो माघारी वळला.

थोरलीनं वाफ्यावरनं पाणी मारलं आणि मनाची समजूत घातली. पण दोन दिवसांनी टोमॅटोचे शेंडे पिळवटायला लागले. कुणी ओला कपडा पिळावा तसे. घेवड्याची पानं आतल्या बाजूला वळून वाटीसारखी झाली. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली आणि पानं बोटांनी सरळ करून बघू लागली. सोडली की परत वळायची.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला ओढत आणून दाखवलं. सिमेंटनं पांढरे झालेले पाय घेऊन तो उभा राहिला.

"ऊन लागलं असेल."

"उन्हानं पान करपतं. असं पिळतं का? हे तणनाशक आहे, अहो. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"भावाला विचारा."

त्यानं भावाच्या घराच्या त्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि नळाखाली पाय धरले. "तूच विचार," म्हणाला. "मी बोललो तर वेगळंच काहीतरी बोलून बसेन."

म्हणून ती गेली. धाकट्याच्या दारात त्याची बायको, म्हणजे तिची जाऊ, धान्य निवडत बसली होती. तिनं मान वर केली, थोडी सरकली, पण 'या' काही म्हणाली नाही. थोरली पायरीखालीच उभी राहिली. पायांत मळ्यातलीच चप्पल होती, तिला चिखल लागलेला. आता ती चप्पल तिला फार मोठी वाटायला लागली.

धाकटा आतून टॉवेलला हात पुसत आला.

"माझे टोमॅटो गेले, भाऊजी. घेवडाही गेला. तुमच्या औषधानं."

"कसल्या औषधानं?" त्यानं कानांवर हात ठेवले. "मी तर साधं पाणी मारत होतो, वहिनी. पंप धुवायला. रोग असेल. यंदा सगळीकडे आहे."

"पाण्याला वास येतो का?"

"आता वास कुणाच्या नाकाला कसा येईल, त्याला मी काय करणार?"

जाऊ सुपातल्या खड्यांकडे बघत राहिली. थोरलीला बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "आईंना तेवढं सांगा. बांधाकडचे टोमॅटो खाऊ नका म्हणावं."

"सांगतो की," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं नाही. सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. आणि खरं बोलायचं तर थोरलीनंही सासूला स्वतः सांगितलं नाही. पायरीखाली उभं राहावं लागल्याचा राग तिच्या मनात ठुसठुसत होता. सांगेल तिचा लाडका लेक, असं म्हणून ती सकाळची घरातच कामं उरकायला लागली, म्हणजे म्हातारीची गाठच पडायला नको.

कामांना काय तोटा. बांधापासून लांबच्या वाफ्यांतलं जे चांगलं होतं ते एकदम काढायला आलं होतं. तिनं भोपळे देठासकट कापून छपरावर वाळत घातले. लाल मिरच्या अंगणात पसरल्या, त्यांचा खकाणा उठून घरभर शिंका सुरू झाल्या. कांद्यांच्या वेण्या घालून तुळईला टांगल्या. खरबुजांचा वेल सुकत आला होता. त्याची शेवटची फळं उन्हानं तडकून आंबूस झाली होती. ती तिनं बांधापलीकडे, धाकट्याच्या गाईच्या टोपलीत टाकली. माणसांशी राग असला तरी गाईशी नव्हता.

आणि ओट्यावर रोपं वाट बघत होती. जुन्या डब्यांत, फुटक्या घमेल्यात तिनं महिन्यापूर्वी कोबी, फुलकोबी आणि पालेभाज्यांचं बी टाकलं होतं. थंडीतलं सगळं खाणं त्या डब्यांत होतं. रोपं आता जागा मागत होती, उंच होऊन एकमेकांवर कलली होती. पण लावायची कुठे? माती धड आहे की नाही हेच माहीत नसताना? रोज ती त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, "थांबा गं बायांनो, थोडं थांबा."

मग एक दिवस, अजून नीट उजाडलं नव्हतं, तोच मागचं दार धडाधडा वाजलं. जाऊ उभी होती. केस सुटलेले, पायांत काही नाही.

"जाऊबाई, चला लवकर! आई उलट्या करताहेत. पोट धरून बसल्यात. डोळे पांढरे केले हो त्यांनी!"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला पहिल्यांदा आठवली ती मिठाची मूठ.

दूधवाल्याचा टेम्पो थांबवून म्हातारीला त्यात घातलं. ती कापसाच्या पिशवीसारखी हलकी झाली होती. एका बाजूनं थोरली, दुसऱ्या बाजूनं जाऊ, दुधाचे कॅन पायांत खडखडताहेत, आणि म्हातारी दर वळणाला म्हणतेय, "मेले गं, मेले." दोन्ही भाऊ मोटरसायकलवर मागून येत होते. एका गाडीवर ते कित्येक दिवसांत बसले नव्हते.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक बाक. डॉक्टरीणबाई तरुण होती, झोपेतून उठून आलेली, एक वेणी अर्धवट सुटलेली. तिनं पोट दाबून बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, सलाईन लावलं.

"काय खाल्लं होतं?"

"पेज," जाऊ म्हणाली. "आणि टोमॅटो. रोज सकाळी खातात, कच्चेच."

"कुठले टोमॅटो?"

जावेनं हात नाही केला, नुसती नजर वळवली. सगळ्यांचीच नजर थोरलीकडे वळली.

"तुमच्या मळ्यातले? काही फवारलं होतं का त्यांच्यावर?"

"मी नाही फवारलं," थोरली म्हणाली.

"मग कुणी?"

इतके दिवस तिनं मनात कितीतरी वेळा हे भांडण भांडून घेतलं होतं. भाजी निवडताना, भांडी घासताना, एकेक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं. आता चारचौघांत, डॉक्टरसमोर, ते म्हणायची वेळ आली, तर तिला एकही नको झालं. खाटेवर म्हातारीचे पाय दिसत होते. टाचांना भेगा, भेगांत मळ्यातली माती. थोरली त्या पायांकडे बघत राहिली.

"मी," धाकटा म्हणाला.

आवाज इतका खाली गेला होता की डॉक्टरीणबाईनं परत विचारलं.

"मी फवारलं. तणनाशक. बांधावर मारत होतो, वारं होतं, तिकडं गेलं. वहिनी ओरडल्या होत्या, मला ऐकू आलं होतं. आईला सांगा म्हणूनही सांगितलं त्यांनी. मी नाही सांगितलं."

"डबा आहे का त्याचा? घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

तो पळालाच. गवंडी त्याच्या मागं गेला आणि मोटरसायकलची किल्ली त्यानं स्वतःच्या हातात घेतली.

डबा आला. डॉक्टरीणबाईनं खिडकीशी धरून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, कुणाला तरी फोन लावला, परत म्हातारीची नाडी बघितली. "याचं असं इतक्या दिवसांनी होईलसं वाटत नाही," ती म्हणाली. "पण मी अजून काही सांगत नाही. थांबू या."

थांबले. बाकावर दोघी जावा शेजारी शेजारी. जाऊ मध्येच म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला बसा म्हणायला हवं होतं." थोरली म्हणाली, "मीही आईंना सांगायला हवं होतं." एवढंच बोलणं झालं. पण दोघींच्या मधली जी वीतभर जागा रिकामी होती, ती मग राहिली नाही.

सलाईन निम्मं संपलं तसा म्हातारीच्या तोंडावर रंग आला. तिनं डोळे किलकिले केले. "डबा कसला गं तो?" तिनं विचारलं.

"आई," धाकटा खाटेशी गुडघ्यांवर बसला. एवढा मोठा बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "आई, माझ्यामुळं झालं. टोमॅटोवर मी विष घातलं. मुद्दाम नाही गं… पण सांगितलंही नाही तुला…"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघितलं, मग छताकडे. तिचा चेहरा कसानुसा झाला. पोटात परत कळ आली की काय म्हणून डॉक्टरीणबाई पुढे झाली.

"रडू नको रे," म्हातारी पुटपुटली. "टोमॅटो नव्हते ते."

"म्हणजे?"

"टोमॅटो मी चार दिवस झाले खाल्लेच नाहीत. चव बिघडली होती त्यांची. थुंकून टाकले." ती थांबली. "खरबूज खाल्लं."

"कुठलं खरबूज?" जाऊ म्हणाली. "आपल्याकडे कुठं आहे खरबूज?"

म्हातारीनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "गाईच्या टोपलीतलं."

"ती सडकी?" थोरली ओरडलीच. "आई, ती आंबलेली होती हो! माश्या बसत होत्या!"

"सडकी कुठं? गोड होती चांगली."

"किती खाल्लीत?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"मोजून कुणी खातं का बाई? गाईनं थोडी खाल्ली, मी थोडी खाल्ली."

डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसणारा पहिला गवंडी. महिनोन् महिने न हसलेलं माणूस, त्याचं हसू सिमेंटच्या पोत्यासारखं फुटलं. मग जाऊ, मग थोरली. थोरलीला हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता परत हसू. तिचा जीव असा भांड्यात पडला की ती खाटेच्या कडेवरच बसली. फक्त धाकटा हसत नव्हता. तो गुडघ्यांवरच होता. आई वाचली होती, पण बोललेला शब्द काही परत घेता येणार नव्हता. टॉवेलनं तोंड पुसून तो भावाकडे न बघता म्हणाला, "मी टेम्पो बघून येतो."

संध्याकाळी म्हातारी घरी आली ती तक्रार करत, की नुसती पेजच का म्हणून.

दुसऱ्या दिवशी थोरली मळ्यात गेली, तर बांधाकडून खचखच आवाज येत होता. धाकटा टोमॅटोची पिळवटलेली झाडं मुळासकट उपटत होता. तिला बघून थांबला.

"ही वाळवून लांब टाकतो. खतात घालू नका, वहिनी. गुराला पण नको."

"बरं."

"माती…" त्यानं मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरलं. "माती कितपत गेली असेल, मला कळत नाही. खोटं कशाला सांगू."

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "मातीलाच विचारावं लागेल."

तिनं चार फुटकी मडकी काढली. एकात बांधाजवळची माती भरली, एकात त्याच्या अलीकडची, तशी करत करत घराच्या भिंतीजवळची. चारींत घेवड्याचे दाणे टोचले आणि मडकी ओट्यावर ओळीनं मांडली. मग सुरू झालं वाट बघणं. म्हातारी उन्हात खुर्ची टाकून मडक्यांवर राखण करायची, जणू ती पळून जाणार होती. जाऊ कामं आटोपून यायची आणि दोघी मिळून वाळल्या मिरच्यांची देठं खुडायच्या. धाकटा रोज काहीतरी निमित्त काढायचा. कधी कुदळीला धार लावायला, कधी शेणखताची पाटी घेऊन. मडक्यांकडे बघायचा आणि काही न विचारता जायचा.

कोंब वर आले. बांधाजवळच्या मडक्यातले मान मुरगाळल्यासारखे वाकडे. त्याच्या अलीकडच्याचं एक पान किंचित वळलेलं. बाकी दोन मडक्यांत घेवडा असा ताठ, सपाट पानांचा उभा, की थोरलीनं ती पानं गालाला लावून बघितली.

"दोन वाफे गेले," ती म्हणाली. "बाकी वाचलं!" आणि तिथेच ओट्यावर मांडी घालून बसली. इतके दिवस पाठीच्या कण्यात काहीतरी ताणून धरलं होतं, ते सुटलं.

"दोन वाफ्यांची जागा मी देतो," धाकटा म्हणाला. "विहिरीच्या अंगाला. तिथं कधी काही मारलेलं नाही. नांगरून ठेवलीय कालच."

"कालच? मडकी तर आज कळली."

तो कान खाजवायला लागला. "चारी वाकडी निघाली असती तरी लागलीच असती की."

गवंड्यानं त्या दिवशी कामावर खाडा केला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो मळ्यात कामासाठी उतरला, आणि उतरला तो दोरी-खुंट्या घेऊन. कोबीच्या ओळी त्यानं दोरी ताणून आखल्या, एक डोळा मिटून तपासल्या, परत आखल्या.

"भिंत बांधतोय का हा?" म्हातारी खुर्चीतून ओरडली. "कोबी आहे रे तो! वाकडा असला तरी शिजतो!"

"वाकडं असलं की मला दिसत राहतं, आई," तो म्हणाला. मग जरा थांबून भावाला म्हणाला, "तुझ्या त्या कोपऱ्याचं बघू एकदा. गिलावा काढून नीट करता येईल."

"ये की," धाकटा म्हणाला. खाली वाकून खड्डे करत राहिला. "मी विचारणारच होतो. तोंड नव्हतं."

थोरली डब्यातून रोप सोडवायची, मुळांची माती न सांडता हातावर घ्यायची. जाऊ पाण्याचा तांब्या धरायची. धाकटा खड्डा करायचा, गवंडी ओळ बघायचा. कोबी झाला, फुलकोबी झाली. पालकाचं आणि मुळ्याचं बी विहिरीकडच्या नव्या तुकड्यात पेरलं, लसणाच्या कुड्या टोकं वर करून टोचल्या. थोरलीची बोटं माती भरून जाड झाली. कंबर मोडली. उन्हं कलली तेव्हा शेवटचं रोप लागलं, आणि सगळी रोपं आडवी पडलेली. जागा बदलली की ती तशी मान टाकतातच. थोरलीला हे ठाऊक होतं. पण धाकटा त्या पडलेल्या ओळींकडे असा बघत होता, की तिला त्याची कीव आली.

"मेली नाहीत, भाऊजी," ती म्हणाली. "घरी जाऊन झोपा."

"नक्की?"

"जा म्हटलं ना."

सकाळी ती केसही न विंचरता मागच्या दारानं बाहेर आली. हवेत पहिला गारवा होता, पायाखालची माती थंड लागत होती. तिच्या आधीच कुणीतरी वाफ्यात होतं. धाकटा ओळीच्या टोकाशी उकिडवा बसला होता, हाताचे तळवे गुडघ्यांवर. तिच्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली, पण मोठ्यानं बोलला नाही, जणू कुणी झोपलेलं जागं होईल.

"वहिनी," तो म्हणाला, "सगळी उभी आहेत."

ती त्याच्या शेजारी बसली. रोपांच्या पानांवर दवाचे थेंब होते, आणि ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ होती.